बेने इस्राएल समाज आणि त्याचा मराठी वारसा

परक्या भाषेच्या राज्यात मनुष्य दोन मार्गांनी जातो. कधी तो स्वतः घरदार सोडून जातो. कधी तो जागचा हलत नाही, पण राज्याची सीमाच त्याच्या दारापुढून सरकते. आळंद तालुक्यातील खजुरीसारख्या गावांच्या वाट्यास हा दुसरा प्रकार आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. उस्मानाबाद जिल्हा मुंबई राज्यात व गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि शेजारशेजारच्या गावांच्या कचेऱ्यांची भाषा निराळी झाली. अशा गावी राहणाऱ्या मराठी कुटुंबास वारसा जपणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न सहजच पडतो. त्याचे उत्तर शोधताना, जे मराठी भाषक समुद्र ओलांडून गेले त्यांच्या इतिहासाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. या दृष्टीने बेने इस्राएल समाजाइतके बोधप्रद उदाहरण विरळाच.

‘बेने इस्राएल’ म्हणजे इस्राएलची लेकरे. या समाजाची परंपरा अशी की, त्यांच्या पूर्वजांचे जहाज कोकण किनाऱ्यावर अलिबागजवळ नवगाव येथे फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ही घटना केव्हा घडली याविषयी मतभेद आहेत. तथापि पुढील इतिहास निश्चित आहे. हे लोक कुलाबा जिल्ह्यातील खेड्यांतून वसले आणि त्यांनी तेलघाणीचा धंदा पत्करला. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांस ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. पेणकर, केहीमकर, दिवेकर, अष्टमकर, रोहेकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच आली. हिब्रू भाषा व धर्मग्रंथ विस्मृतीत गेले. परंतु शनिवारचा विसावा, सुंता, आहाराचे निर्बंध आणि ‘शमा’ ही प्रार्थना त्यांनी सोडली नाही. सारांश, भाषा पूर्णपणे मराठी झाली, तरी समाजाचे वेगळेपण टिकले.

पुढे कंपनी सरकारच्या चाकरीनिमित्त यांपैकी पुष्कळ लोक मुंबईस आले. सैन्यातील अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली तेथे या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधविले. एकोणिसाव्या शतकात कोचीन व बगदाद येथील ज्यूंशी आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांशी आलेल्या संबंधांमुळे त्यांस आपल्या धर्मग्रंथांची नव्याने ओळख होऊ लागली. येथे एक लक्षणीय गोष्ट घडली. धर्माच्या मुळांकडे परत जाताना त्यांनी मराठी टाकली नाही. उलट तिलाच या कामी जुंपले. वल्हांडण सणाच्या रात्री वाचावयाची ‘हग्गादा’ ही पोथी १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली.

याहून विलक्षण प्रकार कीर्तनाचा होय. १८८० च्या सुमारास मुंबईतील काही बेने इस्राएल गृहस्थांनी हरिदासांची कीर्तने ऐकून असा विचार केला की, आपल्याही शास्त्रातील कथा याच पद्धतीने का सांगू नयेत? त्यातून कीर्तनोत्तेजक मंडळ उभे राहिले. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी, दिंडी, ओवी, आर्या अशा छंदांत रचली गेली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे या प्रकारातील अग्रणी रचनाकार व कीर्तनकार होत. नारदांची गादी म्हणून मान्यता पावलेल्या या पद्धतीने बायबलातील आख्याने रंगू लागली, ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील लहान घटना नव्हे. या मंडळाचे कार्य स्मृतिरंजनाचे नव्हते. ज्यांस हिब्रू येत नव्हती अशा स्त्रीपुरुषांस त्यांचा धर्म समजावून देण्याची तातडीची गरज होती, आणि ती गरज मराठीवाचून भागण्यासारखी नव्हती.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि या समाजाचे दुसरे स्थलांतर सुरू झाले. ज्या भूमीचे नाव पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थनेत घेतले, तेथे जाऊन पोहोचल्यावर मात्र त्यांस अनपेक्षित अनुभव आला. कोकणात ते ज्यू म्हणून वेगळे होते. येथे ते ‘होदी’, म्हणजे भारतीय, म्हणून वेगळे ठरले. निराश होऊन काही जण १९५२ साली भारतात परतलेही. १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहप्रसंगी पूर्वजांची चौकशी करावी असे फर्मान काढले. शतकानुशतके परमुलखात शनिवार पाळणाऱ्यांस आपले ज्यूपण सिद्ध करावे लागावे, याहून मोठा अपमान कोणता? समाज संघटित झाला, जेरुसलेम येथे निदर्शने व धरणे झाली, आणि अखेरीस १९६४ साली तेथील संसदेने व शासनाने त्यांच्या पूर्ण ज्यूपणाचा निर्वाळा दिला.

या लढ्यानंतर हा समाज आपला भारतीय वारसा झाकून टाकील, असे एखाद्यास वाटले असते. घडले ते उलटेच. दिमोना, अश्दोद, लोद, रामला, बीरशेबा इत्यादी गावांतून त्यांची मंडळे उभी राहिली. पोहे, खोबरे, गूळ वा साखर आणि फळे यांचा ‘मलिदा’ करून एलिया प्रेषिताचे स्तवन करण्याचा विधी कोकणातच रूढ झालेला. एलियाच्या रथाची खूण अलिबागजवळच्या खंडाळे येथील कातळावर उमटली अशी श्रद्धा. तोच मलिदा आता इस्राएलमध्ये त्यांच्या मंगलकार्यांची ओळख बनला. नोहा मस्सील प्रभृतींच्या पुढाकाराने ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघाले, दरवर्षी १ मे रोजी महाराष्ट्र दिन साजरा होऊ लागला, आणि १९९६ साली जागतिक मराठी परिषदेचे अधिवेशनही इस्राएलमध्ये भरले.

तथापि एवढ्यावरून समाधान मानणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. मुंबईच्या कीर्तन मंडळात आणि इस्राएलमधील मंडळांत एक मूलगामी भेद आहे. पहिल्यास मराठी हे साधन होते. दुसऱ्यास ते साध्य झाले आहे. इस्राएलमध्ये जन्मलेल्या पिढीची शाळा, सैन्य व संसार हिब्रूतून चालतो. आजीच्या तोंडचे मराठी नातवास कळते, पण लिहिता-वाचता येत नाही. मंडळ सण टिकवू शकते, पदार्थ टिकवू शकते, गाणे टिकवू शकते. भाषेस रोजचे काम मात्र देऊ शकत नाही. आणि जिला काम उरले नाही ती भाषा उत्सवापुरती उरते.

मंडळांचे हे कार्य त्यामुळे व्यर्थ ठरते असे मुळीच नाही. सुमारे अडीच हजार मैलांवर गेलेल्या समाजाने ज्या देशाने आपला छळ केला नाही त्याची आठवण कृतज्ञतेने ठेवावी, ही गोष्ट स्वतःच मोलाची आहे. परंतु जे जागचे हललेच नाहीत, त्यांस यातून घेण्याजोगा बोध निराळा आहे. सीमेवरच्या गावात मराठी अद्याप घरात, शेतात व बाजारात राबते आहे. तिला अजून उत्सवाची कृपा लागलेली नाही. ती तशी राबती राहावी असे वाटत असेल, तर समारंभांआधी शाळेतील वर्ग, गावातील वाचनालय आणि घरातील वाचन यांची चिंता केली पाहिजे. अष्टमकरांच्या पिढीने मराठीचा गौरव करण्याकरिता कीर्तने रचली नाहीत. त्यांस आपल्या माणसांना काही सांगावयाचे होते, आणि ते मराठीतच सांगता येत होते. मराठीचा गौरव त्यात आपोआप झाला.