औषधरोधी रोग आणि राज्यांच्या हद्दी

उज्जैनहून देवास फार दूर नाही. संस्थानी काळात तेथे पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचे राज्य एकाच गावात नांदत असे. दोन दरबार, दोन खजिने, आणि हद्द गावातूनच गेलेली. एका बाजूस होळकरांचे इंदूर, दुसऱ्या बाजूस शिंद्यांचे उज्जैन, त्यापलीकडे धारचे पवार, रतलामचे राठोड व जावऱ्याचे नवाब. महसूल आणि न्याय ज्याचा त्याचा होता. पावसाळा सरताच येणारा हिवताप मात्र सर्वांचा एकच होता. २८ मे १९४८ रोजी मध्यभारत संघ अस्तित्वात आला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मध्यप्रदेशात विलीन झाला आणि या हद्दी नकाशावरून पुसल्या गेल्या. हद्दीचा प्रश्न मात्र त्यामुळे संपला नाही. औषधांना न जुमानणाऱ्या हिवतापाने आणि क्षयाने तो वेगळ्या रूपात पुन्हा उभा केला.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई व आठ लाख माणसे दगावत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. घरोघर डीडीटीची फवारणी झाली. १९६५ च्या सुमारास रुग्णसंख्या एक लाखावर आली. पण १९७६ मध्ये ती पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली. डास डीडीटीला दाद देईनासे झाले होते आणि यश दिसताच देखरेखही सैलावली होती. याच सुमारास, १९७३ साली, आसामच्या कार्बी आंगलाँग भागात क्लोरोक्विनला न जुमानणारा फाल्सिपेरम हिवताप प्रथम आढळला. पुढे तो देशभर पसरत गेला. अखेर २०१० पासून फाल्सिपेरमच्या सर्व रुग्णांसाठी आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त औषधे लागू करावी लागली.

क्लोरोक्विनचा हा प्रतिरोध आसामच्याही आधी, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, थायलंड व कंबोडिया यांच्या सीमेवर दिसला होता. पन्नास वर्षांनी, २००८ च्या सुमारास, आर्टेमिसिनिनचा असर मंदावल्याची चिन्हेही प्रथम त्याच भागात दिसली. सीमेवरच्या जंगलांतून व खाणींतून मजुरांची ये-जा चाले आणि त्यांना मिळणारे औषध कधी अपुरे, कधी बनावट असे. कोणत्याही एका देशाला हे एकट्याने आवरणे शक्य नव्हते. म्हणून कंबोडिया, थायलंड, व्हिएतनाम, लाओस व म्यानमार यांनी २०१४ पासून जागतिक निधीच्या साहाय्याने संयुक्त कार्यक्रम हाती घेतला. एका देशात आढळलेला प्रतिरोध दुसऱ्याला वेळीच कळू लागला.

क्षयाचा इतिहासही हेच सांगतो. १९४८ साली ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनच्या प्रसिद्ध चाचणीचे निष्कर्ष प्रकाशित झाले. काही महिन्यांतच अनेक रुग्णांचे जंतू त्या औषधाला निर्ढावले. क्षयावर एकच औषध कधी देऊ नये, हा धडा तेव्हापासूनचा आहे. १९५६ ते १९५९ या काळात मद्रासला झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले की, नियमित औषध मिळाले तर दाटीवाटीच्या गरीब घरातला रुग्णही आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो. उपचार रुग्णाच्या घरी पोहोचला. त्याबरोबर नियमितपणाची जबाबदारीही घरावर आली.

ती पार पाडणे सोपे नव्हते. मुंबईत झोपडपट्टीतील शंभर खाजगी डॉक्टरांची पाहणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. क्षयावर उपचाराच्या ऐंशी निरनिराळ्या पद्धती त्यांनी सांगितल्या. मग २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेल्या सर्व औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण जगासमोर मांडले. 'संपूर्ण प्रतिरोधक' या नावावर वाद झाला आणि शासनाने ते नाव स्वीकारले नाही. पण एका डॉक्टराकडून दुसऱ्याकडे फिरता फिरता उपचार विस्कळीत होतो आणि जंतू तेवढा बळकट होतो, हे सर्वांना दिसले. मे २०१२ मध्ये क्षयाची नोंद शासनाकडे करणे बंधनकारक झाले. रुग्ण कोठेही गेला तरी त्याची नोंद त्याच्याबरोबर जावी, यासाठी 'निक्षय' ही देशव्यापी संगणकीय व्यवस्थाही त्याच वर्षी आली.

ही व्यवस्था किती आवश्यक होती, हे आम्हांस शासकीय सेवेतील अनुभवावरून सांगता येईल. झाबुआ, अलीराजपूर व रतलाम या भागांतील मजूर पेरण्या-कापण्या आटोपल्या की गुजरातेत कामाला जातात. कुटुंब जाते, हंगाम सरला की परतते. कागद मात्र जिल्ह्याच्या हद्दीवर थांबत असे. येथे सुरू झालेले औषध तिकडे तुटले, तर त्याचा हिशेब इकडच्या नोंदवहीत येत नसे आणि तिकडच्याही येत नसे. पूर्वी औषधरोधी क्षयाचा उपचार दोन वर्षे चाले; त्यात कित्येक महिने रोज टोचण्या असत आणि काहींची श्रवणशक्तीही जाई. एका ठिकाणी दोन वर्षे न राहणाऱ्या माणसाने तो कसा पुरा करावा? २०२४ साली केंद्र शासनाने बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या गोळ्यांच्या सहा महिन्यांच्या उपचारास मान्यता दिली. मुदत कमी झाली ही मोठीच सोय. पण सहा महिन्यांतही स्थलांतराचा एक हंगाम येतोच. नवी औषधेही अर्धवट घेतली गेली, तर त्यांची गत जुन्यांसारखीच होईल.

सहकार्याने काय साधते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मंडला जिल्ह्यातील १,२३३ गावांत २०१७ पासून राज्य शासन, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व एक खाजगी प्रतिष्ठान यांनी मिळून हिवताप निर्मूलनाचे काम केले. ताप शोधणे, तपासणे, औषध देणे व रुग्णाचा पुढेही मागोवा घेणे, एवढाच साधा क्रम होता. हिवताप मोठ्या प्रमाणात घटला. खुद्द उज्जैनात आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालय आणि स्वीडनची कारोलिन्स्का संस्था यांनी प्रतिजैविकांचा वापर व त्यांना होणारा प्रतिरोध यांवर अनेक वर्षे संशोधन केले आहे. क्षिप्रेचे पाणीही त्यात तपासले गेले. पर्वस्नानाची नदी हा संशोधनाचा विषय होतो, तेव्हा ते काम परके राहत नाही.

२०२८ मध्ये सिंहस्थ आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून यात्रेकरू येतील. त्याआधी बांधकामावरचे मजूर येतील आणि ते कित्येक महिने राहतील. त्यांच्यापैकी ज्यांचा उपचार चालू असेल, त्यांना येथे पोहोचल्याच्या दिवसापासून औषध मिळावे आणि परतताना पुढच्या जिल्ह्यास वर्दी जावी, एवढी सिद्धता शासनाने आतापासून करावी. आपल्या घरांनाही यात काम आहे. आपली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेतून माळव्यात आणि माळव्यातून पुण्या-मुंबईस ये-जा करीत आली आहेत. आजारी माणसाला मुलाकडे पाठविताना उपचाराची कागदपत्रे बरोबर द्यावीत. घरी काम करणारी बाई किंवा गवंडी गावी निघाला, तर त्याच्या गोळ्या किती दिवसांच्या उरल्या आहेत, हे आपणहून विचारावे.