ख्रिसमस बेटावरील खानेसुमारी

राज्यें लयास गेलीं तरी त्यांचे शिलालेख व ताम्रपट मागें उरतात. परंतु एखाद्या रानांतून उंदरांची जात नाहींशी झाली, तर तिची दाद कोण घेणार? ती घेतली गेल्याचें एक उदाहरण हिंदी महासागराच्या इतिहासांत आहे.

जावाच्या दक्षिणेस सुमारें 350 किलोमीटरांवर ख्रिसमस बेट आहे. त्याचें क्षेत्रफळ अवघें 135 चौरस किलोमीटर. 1643 सालीं नाताळच्या दिवशीं कप्तान विल्यम माइनर्स याचें जहाज जवळून गेलें व बेटास हें नांव मिळालें. पुढें सुमारें अडीचशें वर्षें तेथें वस्ती झाली नाहीं. 1887 सालीं कप्तान मॅक्लिअर याचें आरमारी जहाज तेथें गेलें. तेथून आणलेल्या दगडांत फॉस्फेट आहे, हें जॉन मरे या शास्त्रज्ञानें ओळखलें. हा पदार्थ खतासाठीं फार मोलाचा. 1888 सालीं इंग्रजांनीं बेट ताब्यांत घेतलें.

खाणी सुरू झाल्या म्हणजे बेट पूर्वींचें राहणार नाहीं, हें मरे जाणून होता. खाणींत त्याचेंच भांडवल होतें. पण त्यापूर्वीं तेथील सृष्टीची नोंद व्हावी म्हणून खर्चहि त्यानेंच सोसला. ब्रिटिश म्यूझियमचे चार्ल्स अँड्र्यूज 1897-98 सालीं दहा महिने तेथें राहिले.

बेटावर मूळचे सस्तन प्राणी पांचच होते: दोन जातींचे उंदीर, एक चिचुंद्री, एक फळें खाणारें मोठें वाघूळ व एक किडे टिपणारें लहान. मॅक्लिअरच्या नांवाचा उंदीर इतका विपुल, कीं रात्रीं तंबूंत शिरून सतावीत असे. दुसरा उंदीर डोंगरावर झाडांच्या मुळांखालीं बिळें करून राही. तो मंद असे, व त्याच्या पाठीवर चरबीचा जाड थर असे. हा सर्व वृत्तांत 1900 सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला.

इतक्यांत 1899 सालीं ‘हिंदुस्तान’ जहाजाबरोबर परके काळे उंदीर बेटावर उतरले होते. लवकरच मूळचे उंदीर भर दिवसा वाटेवर मरणोन्मुख होऊन सरपटतांना दिसूं लागले. 1908 सालीं अँड्र्यूज पुन्हां गेले, तेव्हां त्या दोन्ही जातींचा एकहि उंदीर त्यांना सांपडला नाहीं. दहा वर्षांत हें घडलें!

कारणाचा उलगडा 2008 सालीं झाला. संग्रहालयांत जपलेलीं कातडीं संशोधकांनीं तपासलीं. जहाज येण्यापूर्वींच्या उंदरांत एका सूक्ष्म रक्तजंतूची खूण नव्हती. नंतरच्या कांहीं मूळच्या उंदरांत ती आढळली. काळ्या उंदरांच्या पिसवांनीं तो जंतु पसरविला असावा, असें अनुमान आहे.

पुढें 1958 सालीं बेट ऑस्ट्रेलियाकडे गेलें. 1985 नंतर चिचुंद्री दिसल्याची खात्रीची नोंद नाहीं. लहान वाघुळाचा शेवटचा मागोवा 2009 च्या ऑगस्टांत लागला. पांचांपैकीं आज केवळ मोठें वाघूळ उरलें आहे, व त्याचीहि संख्या पुष्कळ घटली आहे.

खानेसुमारीनें कोणाचा जीव वांचत नाहीं. परंतु अँड्र्यूज गेले नसते, तर काय गेलें व कशामुळें गेलें, हें जगास कधींच कळलें नसतें. ज्या बेटांवर अद्याप जहाजांबरोबर उंदीर उतरलेले नाहींत, तेथें आधीं मोजणी व मग धक्का, हा क्रम पाळला जावा. आणि मोजणीनंतर पहाराहि बसावा. ख्रिसमस बेटावर मोजणी झाली होती. पहारा तेवढा नव्हता.