गिळणं मेंदूत कुठं असतं?

लकवा म्हटलं की आपण हात बघतो, पाय बघतो, तोंड वाकडं झालं का ते बघतो. गिळणं कुणी बघत नाही. माणूस शुद्धीवर आला की आपण आधी चमच्यानं पाणी पाजतो, मायेनंच. पण घशाचे स्नायू साथ देत नसतील तर ते पाणी श्वासनलिकेत जातं. काहींना ठसकासुद्धा लागत नाही. मग न्यूमोनिया होतो. म्हणून नर्सबाई "तपासणी होईपर्यंत तोंडानं काही देऊ नका" म्हणाल्या, तर त्यांच्यावर रागावू नका.

आता एक कोडं. लकव्यात बहुतेक वेळा मेंदूची एकच बाजू दुखावते. दुसरी शाबूत असते. तरी काहींचं गिळणं बंद पडतं, काहींचं नाही. आणि बंद पडलेलं पुष्कळांचं काही आठवड्यांत परत येतं. हे कसं?

उत्तर शोधायला जिवंत माणसाचा मेंदू बाहेरून चाळवता यायला हवा होता. 1980 साली लंडनमध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी कवटीवरून विजेचा झटका देऊन हाताचे स्नायू हलवून दाखवले. पण तो झटका दुखायचा. 1985 साली शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी चुंबकाची वेटोळी डोक्यावर धरून तेच केलं, फारसं न दुखवता.

मग मँचेस्टरच्या शाहीन हम्दी यांनी ती वेटोळी गिळण्याकडे वळवली. घशात बारीक नळी ठेवायची, डोक्यावर वेटोळी फिरवायची आणि कुठून घशाला निरोप जातो ते टिपायचं. 1996 साली त्यांनी जाहीर केलं, की गिळण्याचा कारभार मेंदूच्या दोन्ही बाजूंकडे असतो, पण सारखा नसतो. एक बाजू थोरली. आपण उजव्या हाताच्या की डावखुऱ्या, याचा त्याच्याशी संबंध नाही.

मला हे वाचून दोन जावांचं घर आठवलं. स्वयंपाक थोरलीच्या हातात. धाकटी आजारी पडली तर चूल अडत नाही, थोरली पडली तर अडते. पण धाकटी हळूहळू शिकते. पुढं हम्दींच्या गटानं 28 रुग्णांना तीन महिने तपासलं, तेव्हा हेच दिसलं: ज्यांचं गिळणं परत आलं, त्यांच्या मेंदूच्या शाबूत बाजूचा वाटा वाढला होता.

मग धाकटीला लवकर शिकवता येईल का? 2002 साली याच गटानं नळीतून घशाच्या नसांना दहा मिनिटं सौम्य विद्युतप्रवाह दिला. मेंदूचा प्रतिसाद वाढला, गिळणंही तात्पुरतं सुधारलं. आशा वाढली. पण 2016 साली 162 रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत खरा प्रवाह मिळालेले आणि नुसती नळी घातलेले यांच्यात फरक दिसला नाही. प्रवाह कमी पडला असावा, असं काहींचं म्हणणं.

2018 साली गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवलेल्या रुग्णांवर पुन्हा चाचणी झाली. तीन दिवसांच्या उपचारानंतर 35 पैकी 17 जणांची नळी काढण्याजोगी झाली. उपचार न मिळालेल्या 34 पैकी फक्त तिघांची. माझ्या मते हा आकडा लहान नाही. पण तो त्याच प्रकारच्या रुग्णांचा आहे, सगळ्यांचा नाही.

एक मात्र सांगते. गुडघ्याला लावायचं करंटचं मशीन घरी असेल, तर ते गळ्याला लावू नका. तिथून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी स्पीच थेरपिस्ट असतील तर त्यांना विचारा. त्या नुसतं बोलणं शिकवत नाहीत, गिळणंही तपासतात.