हिशेब आधी, मत मागाहून

भिवंडीत हिशेब वहीत नसतो, बोटावर असतो. माझे अब्बा यंत्रमागावर काम करायचे. पगाराच्या दिवशी मालकाची वही उघडली, की किती मीटर विणलं, उचल किती कापली, हातात किती आलं, हे ते ओळीवर बोट ठेवून विचारत. अक्षरओळख बेताचीच, पण चुकलेला आकडा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. शहराच्या वहीवर असं बोट ठेवायला मात्र आपल्याला कुणी शिकवलं नाही.

खरं तर ही रीत आपल्याच मुलखातली. १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. माणूस धडाडीचा. रस्ते, गटारं, बाजार यांची कामं झपाट्यानं निघाली. पण खर्चाला लगाम राहिला नाही. देखरेख करणारे ‘जस्टिस ऑफ द पीस’ सरकारनं नेमलेले आणि कर भरायचा रहिवाशांनी! १८७१ मध्ये करदाते खवळले. नवरोजी फर्दुनजींसारखे पुढारी जाब विचारू लागले. तरुण फिरोजशहा मेहतांनी निवडणुकीचा आग्रह धरला. १८७२ च्या कायद्यानं ६४ सभासदांची महापालिका आली आणि त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. म्हणजे आधी हिशेब मागितला गेला, मत मागाहून मिळालं. तेही कर भरणाऱ्या मोजक्यांनाच. गिरणीतला कामकरी बाहेरच राहिला.

त्याच्या बाजूनं बोलणारा एक आवाज पुण्यात होता. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चायचा ठराव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या, असं म्हणून त्यांनी एकट्यानं विरोध केला. मुंबईतल्या क्रॉफर्ड मार्केटला आज महात्मा जोतिबा फुल्यांचं नाव आहे, हा मला इतिहासानं दिलेला गोड न्याय वाटतो.

आता कायदा आपल्या बाजूला आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं, की सार्वजनिक कार्यालयानं आपलं अंदाजपत्रक कुणी न मागताच प्रसिद्ध करावं. पुणे महापालिकेनं २००६ पासून प्रभागातली कामं नागरिकांना सुचवू दिली. पण उघडं असणं वेगळं आणि उमगणं वेगळं.

एकदा मी आमच्या मोहल्ल्यात अशा अंदाजपत्रकाची पानं समजावायला बसलो. महसुली म्हणजे रोजचा खर्च : पगार, वीज, झाडलोट. भांडवली म्हणजे टिकणारी कामं : जलवाहिनी, शाळेची इमारत. शेजारच्या खालांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “हमारी गली का नल किस पन्ने पे है?”

मी निरुत्तर झालो. पानं खात्यांची होती, गल्ल्यांची नव्हती. आमच्या गावात मराठीबरोबर उर्दू आहे, तेलुगू आहे, हिंदी आहे; पण त्या वहीची भाषा यांतली कुठलीच नव्हती.

तोवर एवढं तरी करू या. पुढल्या वर्षीच्या अंदाजाशेजारी मागल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च असतो. दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून विचारू या, की ठरलं होतं ते झालं का? अब्बा एवढंच विचारत. मालकाला उत्तर द्यावं लागे.