मत्स्यालयातील वनस्पतींना हवा मोजका प्रकाश

लोणावळा, (प्रतिनिधी) – वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या लोणावळा परिसरात जून ते सप्टेंबर सूर्यदर्शन दुर्मिळच असते. याच दिवसांत दिवाणखान्यातील काचेच्या टाकीतल्या वनस्पतींचे देठ बारीक होऊन लांबतात, पाने पिवळी पडून गळतात. दोष पाण्याला दिला जातो. पण अनेकदा उणीव प्रकाशाची असते.

शाळेत हायड्रिलावर नरसाळे पालथे घालून केलेला प्रयोग अनेकांना आठवत असेल. उजेडात ही वनस्पती प्राणवायूचे बुडबुडे सोडते. माशांच्या विष्ठेतून निर्माण होणारा अमोनियाही वनस्पती शोषून घेतात. अंधारात मात्र त्या स्वतःच प्राणवायू वापरतात. प्रकाशाअभावी त्या कुजू लागल्या, तर पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकताना दिसतात.

किती प्रकाश?

निरभ्र दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो; घराच्या आतल्या बाजूस तो जेमतेम काही शे लक्स उरतो. त्यामुळे टाकीवर स्वतंत्र दिवा हवाच. वॉटऐवजी वेष्टनावरील लुमेनचा आकडा पाहावा. साध्या वनस्पतींना दर लिटरला १० ते २० लुमेन, तर मध्यम गरजेच्या वनस्पतींना २० ते ४० लुमेन हा ढोबळ हिशेब आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत सुमारे ५४ लिटर पाणी मावते. तिला हजारभर लुमेनचा, म्हणजे साधारण १० वॉटचा एलईडी दिवा पुरतो. टाकी खोल असल्यास तळाशी प्रकाश कमी पोचतो. वनस्पती मुख्यतः निळा व तांबडा प्रकाश शोषतात. हे दोन्ही रंग ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्यात असतात.

किती वेळ?

रोज आठ तास पुरेत. टायमर लावल्यास नियमितपणा राहतो. दुपारी वीज गेली म्हणून रात्री उशिरापर्यंत दिवा ठेवू नये. एका दिवसाच्या खंडाने वनस्पती मरत नाहीत. प्रकाश अति झाला, तर काचेवर शेवाळ माजते. म्हणूनच पाऊस सरल्यावर ऊन थेट येणाऱ्या खिडकीत टाकी ठेवू नये. पाण्यात हात घालण्यापूर्वी विजेची जोडणी काढावी.

निवड आणि छाटणी

जावा फर्न, अनुबियास, वॅलिसनेरिया व हायड्रिला कमी प्रकाशात तग धरतात. कॅबोम्बा व तांबड्या पानांच्या रोटालाला अधिक प्रकाश लागतो.

योग्य प्रकाश मिळाला की वाढ जोमाने होते आणि छाटणी करावी लागते. छाटलेल्या फांद्या मात्र नदी, तलाव वा नाल्यात टाकू नयेत. दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी शोभेची वनस्पती म्हणूनच जगभर पोचली. आज मावळात उगम पावणाऱ्या इंद्रायणी आणि पवना या दोन्ही नद्यांवर तिचे थर पसरतात आणि खालच्या पाण्यात ऊनही शिरत नाही. केरळमध्ये कोझिकोडजवळच्या जलप्रवाहात कॅबोम्बा पसरल्याचे २०२० मध्ये सर्वांनी पाहिले. त्यामुळे छाटलेला पाला उन्हात पूर्ण वाळवून कुंडीच्या खतात मिसळावा. घरातील टाकी उजळताना नदीवर अंधार पसरणार नाही, एवढी काळजी घ्यायलाच हवी.