एका नमुन्यावर सव्वाशे वर्षे

इंडोनेशियातील सुलावेसी आणि फिलिपाइन्समधील मिंदानाओ यांच्या दरम्यान ज्वालामुखी बेटांची एक माळ आहे. त्यांतील सांगिहे बेटावर १८७३ साली आकाशी निळ्या रंगाचा एक पक्षी मिळाला. ड्रेस्डेनच्या संग्रहालयाचे संचालक ए. बी. मेयर यांनी १८७८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढची सव्वाशे वर्षे विज्ञानाजवळ या जातीचा निर्विवाद पुरावा म्हणजे हा एकच नमुना!

नमुना रंग सांगतो. (तोही गमतीचा. पक्ष्यांच्या निळ्या पिसांत निळे रंगद्रव्य नसते. पिसातील सूक्ष्म रचनेवरून प्रकाश विखुरतो म्हणून ते निळे दिसते. असे पीस उजेडासमोर धरून आरपार पाहिले तर तपकिरी दिसते.) पण पक्षी कोणत्या उंचीवर राहतो, एकटा की थव्याने, हे नमुना सांगत नाही. दरम्यान सांगिहेवरील जवळजवळ सगळे मूळ जंगल नारळ आणि जायफळाच्या बागांखाली गेले. १९७८ मध्ये पक्षी दिसल्याचा एक दावा झाला, परंतु दुजोरा मिळाला नाही. तो नामशेष झाला असावा, असेच बहुतेकांनी धरले.

मग ऑक्टोबर १९९८ मध्ये जिम वॉर्डिल आणि जॉन रायली यांना बेटाच्या दक्षिणेकडील साहेंदारुमान डोंगरावर तो सापडला. गंमत अशी, की तो मुळीच लाजराबुजरा नाही. लहान टोळ्यांनी, गोंगाट करीत, झाडांच्या वरच्या फांद्यांमध्ये किडे टिपत हिंडतो. मग इतकी वर्षे दिसला का नाही? कारण तो उरला होता फक्त अरुंद, उभ्या घळींत. तिथे शेती करणे कठीण, शोधायला जाणेही कठीण.

इथे एक चूक सहज होते. पक्षी घळींत सापडला, म्हणून त्याला घळीच आवडतात असे आपण लिहून टाकतो. वास्तविक सपाटीवरचे जंगल आधीच संपले होते. तिथे तो पूर्वी असेल, तर आता कळणार कसे? जिथे प्राणी सापडतो ते त्याचे आवडते ठिकाण असेलच असे नाही. ते केवळ आपण न तोडलेले ठिकाण असू शकते.

आपल्याकडील रानपिंगळ्याची आठवण इथे होतेच. त्याचे वर्णन ह्यूमने केले तेही १८७३ मध्येच, आणि तो पुन्हा सापडला नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळ. पण रानपिंगळा नंतर मध्य भारतात इतरत्रही आढळला. सांगिहेच्या पक्ष्याला दुसरे बेट नाही. त्याची संख्या दीडशेच्या आतच असावी, आणि जंगल उरले आहे जेमतेम काही चौरस किलोमीटर. २०२१ मध्ये बेटाच्या निम्म्याहून अधिक भागावर सोन्याच्या खाणीचा परवाना दिला गेला. रहिवासी न्यायालयात गेले, आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला.