दुःस्वप्नाचे प्रेक्षक : १९५४ आणि १९६८

वाङ्मयाच्या इतिहासात कृतींची आणि कर्त्यांची नोंद असते, वाचक-प्रेक्षकांची क्वचितच. कादंबरीच्या वाचकाने एकांतात काय अनुभवले, याचा मागमूस सहसा उरत नाही. दूरचित्रवाणीवरील नाटकाचे तसे नाही. ते एकाच रात्री लाखो घरांत पाहिले जाते आणि त्याचे पडसाद दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत, प्रसंगी संसदेतही उमटतात. ‘डिस्टोपिया’ या प्रकाराच्या, म्हणजे दुःस्वप्नवत समाजाचे चित्रण करणाऱ्या कृतींच्या बाबतीत हे पडसाद विशेष बोलके ठरतात. ब्रिटनमधील दोन उदाहरणे या दृष्टीने तपासण्याजोगी आहेत.

जॉर्ज ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही कादंबरी १९४९ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच जानेवारीत तो निवर्तला. नायजेल नीलने तिचे नाट्यरूपांतर केले, रुडॉल्फ कार्टियरने ते दिग्दर्शित केले आणि रविवार, १२ डिसेंबर १९५४ च्या रात्री बीबीसीने लंडनच्या लाइम ग्रोव्ह स्टुडिओतून ते थेट प्रक्षेपित केले. विन्स्टनच्या भूमिकेत पीटर कुशिंग होता, ओब्रायनच्या भूमिकेत आंद्रे मोरेल. व्यापारी दूरचित्रवाणी ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९५५ मध्ये आली. तोवर बीबीसीची एकच वाहिनी होती. त्यामुळे नाटक नको असणाऱ्यासमोर संच बंद करणे एवढाच पर्याय होता. विन्स्टनला आपल्या घरातला टेलिस्क्रीन बंद करण्याची मुभा नसते, हे लक्षात घेतले तर त्या रात्रीच्या बैठकीच्या खोल्यांतील अस्वस्थता समजू शकते.

छळाच्या, विशेषतः खोली क्रमांक १०१ मधील उंदरांच्या प्रसंगाने मोठे वादळ उठले. बीबीसीकडे तक्रारींचा ओघ सुरू झाला. नाटक पाहत असताना एक गृहिणी मरण पावल्याची बातमी ‘डेली एक्सप्रेस’ने ठळकपणे छापली. काही हुजूरपक्षीय खासदारांनी संसदेत निषेधाची सूचना मांडली. बीबीसी क्रौर्याच्या आणि लैंगिकतेच्या अभिरुचीला खतपाणी घालते, असा तिचा आशय होता. तिला उत्तर म्हणून इतर खासदारांनी दुरुस्त्या मांडल्या. नाटकातील अमानुष प्रकार हुकूमशाही राजवटींत आजच सर्रास घडत आहेत, हे त्यांपैकी एकीने निदर्शनास आणले. राणी आणि आपण दोघांनीही नाटक आवडीने पाहिले, असे प्रिन्स फिलिप यांनी जाहीरपणे सांगितले. अखेर गुरुवार, १६ डिसेंबरला ठरल्याप्रमाणे नाटकाचा दुसरा प्रयोग, तोही थेट, सादर झाला. त्याला सुमारे ७० लाख प्रेक्षक लाभले. १९५३ च्या राज्यारोहण सोहळ्यानंतरचा हा सर्वांत मोठा आकडा मानला गेला. हाच दुसरा प्रयोग फिल्मवर मुद्रित झाला, म्हणून आज तो पाहता येतो.

या वादातील दोन्ही पक्ष आपण परस्परविरोधी आहोत असे समजत होते. तक्रारदाराचे म्हणणे होते : हे माझ्या घरात, माझ्या कुटुंबासमोर का? समर्थकाचे म्हणणे होते : हे पोलादी पडद्यापलीकडे घडते आहे, म्हणून पाहिलेच पाहिजे. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीची जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांतील एक येथे आठवते. भाव ‘माझाच’ किंवा ‘दुसऱ्याचाच’ असे मानून प्रेक्षक विशिष्ट देशकालात अडकला, की साधारणीकरण खुंटते. १९५४ च्या वादात एक पक्ष स्वगतात अडकला, दुसरा परगतात. वास्तविक ऑर्वेलने आपली कथा लंडनमध्येच रचली होती. शिवाय १९४१ ते १९४३ या काळात त्याने बीबीसीच्याच पूर्व विभागात हिंदुस्थानसाठी कार्यक्रम तयार केले होते; युद्धकालीन प्रचार आणि सेन्सॉर त्याने आतून पाहिले होते. कादंबरीतील सत्य मंत्रालयाला या अनुभवाचीही पार्श्वभूमी आहे. ज्या संस्थेच्या बचावासाठी किंवा निषेधासाठी खासदार उभे राहिले, तिची सावली कृतीतच होती. परंतु तिकडे फारसे कोणी पाहिले नाही.

दुसरे उदाहरण ‘द प्रिझनर’ या १७ भागांच्या मालिकेचे. सप्टेंबर १९६७ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्हीवर ती सुरू झाली. नोकरीचा तडकाफडकी राजीनामा देणाऱ्या एका गुप्तहेराचे अपहरण होते आणि तो एका रमणीय ‘गावा’त जागा होतो. तेथे नावे नाहीत, क्रमांक आहेत. तो सहावा. कारभार पाहणारा दुसरा बहुतेक भागांत बदलतो. पहिला कधीच दिसत नाही. साहजिकच ‘पहिला कोण?’ हा प्रेक्षकांच्या तर्कवितर्कांचा विषय झाला. गाव कोणत्या बाजूचे, आपले की शत्रूचे, हा प्रश्नही त्यात गुंतलेला होता. चित्रीकरणाचे स्थळ वेल्समधील पोर्टमेरियन होते, हेही शेवटच्या भागाच्या श्रेयनामावलीपर्यंत गुप्त ठेवले होते.

फेब्रुवारी १९६८ च्या आरंभी अखेरचा भाग दाखवला गेला. तो प्रमुख अभिनेता पॅट्रिक मॅकगूहन याने स्वतःच लिहिला व दिग्दर्शित केला होता. पहिल्याचा मुखवटा ओढला जातो. आत माकडाचा मुखवटा. त्याखाली क्षणभर दिसतो तो सहाव्याचाच चेहरा. प्रेक्षक संतापले. पुढे १९७७ मधील एका कॅनेडियन मुलाखतीत मॅकगूहनने सांगितले की त्या काळात आपल्याला तोंड लपवावे लागले; लोकांना जेम्स बाँडच्या चित्रपटात शोभेल असा खलनायक हवा होता. त्याच वर्षी या मालिकेच्या चाहत्यांनी ‘सिक्स ऑफ वन’ हे मंडळ स्थापन केले आणि जो शेवट फसवणूक वाटला होता, त्याचेच अर्थ लावणे सुरू झाले.

१९५४ चा समर्थक आणि १९६८ चा भाकीत करणारा प्रेक्षक यांच्यात एक नाते आहे. दोघांनाही दुःस्वप्नाचा कर्ता बाहेर हवा होता. मॅकगूहनने तो आत दाखवला, म्हणून राग आला. ऑर्वेलच्या बाबतीत प्रेक्षकांनी तो सोयीस्करपणे सीमेपार ढकलला, म्हणून राग निवळला. वर्गात आजही ‘ऑर्वेलचे भाकीत खरे ठरले का?’ असा प्रश्न विचारला जातो आणि उत्तरादाखल विद्यार्थी कुठल्यातरी दूरच्या देशाचे नाव घेतात. त्या उत्तरात चूक काही नसते. तथापि, ते देताना आपण १९५४ च्या त्या दुरुस्तीवरच सही करत असतो, हे विद्यार्थ्यांच्या आणि आपल्याही ध्यानात राहायला हवे.